सप्रेसर लावला की रायफल बिथरते: गॅस, बफर आणि पुंगळ्यांची दिशा

पितळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे या विषयावर फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून भीत भीतच धागा काढतोय. नेमबाजीचा छंद असलेले दोन-चार जण तरी इथे आहेत हे जुन्या प्रतिसादांवरून माहीत आहे. ते वाचत असतील तर हात द्या.

माझी एआर-१५ रायफल आहे. १६ इंची नळी, कार्बाइन लांबीची (म्हणजे आखूड) गॅस ट्यूब, मूळचाच ३ औंसांचा बफर (बोल्टमागे धक्का झेलणारं वजन). तीन वर्षांत एकदाही रुसली नाही. मागच्या महिन्यात सप्रेसरची (नळीच्या तोंडावर लावायच्या, आवाज कमी करणाऱ्या नळकांड्याची) मंजुरी हातात आली (सगळं रीतसर, नोंदणीसकट). मोठ्या हौसेने लावला आणि पहिल्याच मॅगझिनला तमाशा सुरू झाला.

आधी काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या उजव्या हाताला, जराशा मागे, एकाच जागी ढीग करून पडायच्या. आता त्या पुढे भिरकावल्या जातात. शेजारच्या नेमबाजाने दोनदा मान वळवून बघितलं. उचलून पाहिलं तर काहींच्या बुडाच्या कडा खरवडलेल्या, दोनांच्या तर चक्क ओरबाडलेल्या. एकदा पुंगळी चेंबरमध्येच (नळीच्या मागच्या टोकाला, जिथे काडतूस बसतं) अडकून राहिली आणि बोल्टने (चेंबर मागून बंद करणाऱ्या तुकड्याने) पुढचं काडतूस तिच्या बुडावर नेऊन आदळलं. आणि डोळ्यांत जो धूर जातो तो वेगळाच. चष्मा असूनही घरी येईपर्यंत चुरचुरत होतं.

सप्रेसर काढला की रायफल पुन्हा गरीब गाय.

सल्ले मिळाले ते असे: एक म्हणतो सर्वांत जड बफर टाक, दुसरा म्हणतो बफरची स्प्रिंग कडक टाक, तिसरा म्हणतो बोल्ट कॅरिअरच (बोल्ट ज्यात बसतो तो सरकता भाग) बदल. दुकानदाराचं ऐकलं तर अख्खी रायफल बदलावी लागेल. सुरुवात कुठून करू?

कुंपणावरून

मी न्यू जर्सीवाला, म्हणजे आमच्याकडे सप्रेसर बाळगायलाच बंदी. तरी उत्सुकता म्हणून विचारतो: सिनेमात फुस्स एवढाच आवाज येतो, तसा येतो का?

पितळी

छे हो. कानाला मफ लावूनच उडवतो. एवढंच की खांद्यावरून बोललेलं शेजाऱ्याला कळतं.

यंत्रवेडा

कुंपणावरून, ५.५६ मिमीच्या रायफलचा उघडा (सप्रेसरशिवायचा) आवाज १६० डेसिबलच्या वर जातो. चांगला सप्रेसर त्यातले २० ते ३० कापतो. म्हणजे १३०-१४० उरतातच. शिवाय गोळी आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगाने जाते, तिचा स्वतःचा फटकारा असतो. त्याला सप्रेसर काहीच करू शकत नाही. त्याचं काम बारूद जळून झालेल्या, नळीच्या तोंडातून सुटणाऱ्या गॅसला अडवून, फिरवून, थंड करून मग सोडायचं. मोटारीच्या सायलेन्सरसारखंच, आणि हे नुसतं उदाहरण नाही. १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचं अमेरिकन पेटंट घेणारा हायरम पर्सी मॅक्सिम इंजिनांच्या सायलेन्सरवरही काम करत होता. बाप मशिनगनचा जनक, पोराने बंदुकीचं तोंड दाबलं. एकाच घरात दोन्ही.

आता पितळी, तुझ्याकडे येतो. जरा लांबण लागेल, पण हे एकदा डोक्यात बसलं की कुठला सुटा भाग विकत घ्यायचा आणि कुठला नाही ते आपोआप कळेल.

एआरमध्ये गोळी नळीतून जाताना एका बारीक भोकाजवळून जाते. तो गॅस पोर्ट. तिथून थोडा गॅस ट्यूबमधून मागे येतो आणि कॅरिअरच्या पोटात, बोल्टच्या शेपटीमागच्या पोकळीत शिरतो. तिथे फुगून तो कॅरिअरला मागे ढकलतो. कॅरिअर थोडासा मोकळा सरकतो, मग कॅमच्या खाचेमुळे बोल्ट फिरतो, कुलूप उघडतं आणि पुंगळी ओढली जाते. लोक याला 'गॅस थेट ढकलतो' म्हणतात, पण खरं तर बोल्ट आणि कॅरिअर मिळूनच पिस्टन आहे. युजीन स्टोनरच्या १९६० साली मंजूर झालेल्या पेटंटमध्ये हीच रचना आहे.

हे ढकलणं किती वेळ चालतं? गोळी पोर्ट ओलांडते तेव्हापासून तोंडातून बाहेर पडेपर्यंत. तुझ्या रायफलला पोर्टपुढे साधारण साडेआठ इंच नळी उरते, म्हणजे ढोबळमानाने पाव मिलिसेकंद. गोळी बाहेर पडली की बाटलीचं बूच उडाल्यासारखा दाब कोसळतो आणि ढकलणं संपतं.

सप्रेसरमुळे बुचाच्या जागी गाळणी येते. गोळी गेली तरी दाब पटकन उतरत नाही. त्यामुळे दोन वेगळ्या गोष्टी घडतात, आणि लोक नेमक्या याच दोहोंची खिचडी करतात.

पहिली म्हणजे ट्यूबमधून जास्त वेळ गॅस येत राहतो. कॅरिअरला जास्त धक्का बसतो, तो वेगाने मागे जातो आणि कुलूप लवकर उघडतं. तेव्हा पुंगळी अजून दाबाने फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटलेली असते. एक्स्ट्रॅक्टर तिची कड धरून ओढतो, ती सुटत नाही, कड ओरबाडली जाते. तुझी अडकलेली पुंगळी याच खात्यात. लोकांना वाटतं पुंगळी बाहेर आली नाही म्हणजे जोर कमी पडला. इथे अगदी उलट असतं.

दुसरी गोष्ट गॅस ट्यूबशी संबंधितच नाही. बोल्ट उघडला तेव्हा नळीत अजून दाब आहे, तर तो सरळ नळीतूनच मागे येणार. चेंबरमधून, मॅगझिनमध्ये, चार्जिंग हँडलच्या (बोल्ट हाताने मागे ओढायच्या मुठीच्या) फटीतून, तुझ्या डोळ्यांत.

पहिल्याला इलाज आहे. दुसऱ्याला अर्धाच आहे. हे आधीच सांगून ठेवतो, नंतर शिव्या नकोत.

सर्व्हिसिंग_सांगली

+१. वरचा प्रतिसाद फ्रेम करून लावावा असा.

माझी भर: काहीही बदलण्याआधी जे आहे ते धड आहे का बघ. कॅरिअरच्या डोक्यावरची गॅस की (गॅस ट्यूबमधून गॅस आत घेणारा तुकडा) हलत नाही ना? तिचे स्क्रू ठोकून पक्के केलेले आहेत ना? बोल्ट पुढे ओढून कॅरिअर बोल्टच्या तोंडावर उभा कर. स्वतःच्या वजनाने खाली बसला तर गॅसच्या रिंगा झिजल्या. रिंगांच्या फटी एका ओळीत आल्या म्हणून रायफल बंद पडते ही मात्र भाकडकथा आहे, त्यात रात्र घालवू नकोस.

आणि तेल. सप्रेसरबरोबर काजळी दुप्पट-तिप्पट होते. कोरडी ठेवलीस तर दुसऱ्या मॅगझिनला कुरकुर सुरू.

तपशीलवार

हा आजार सप्रेसरच्या आधीपासूनचा आहे, म्हणून थोडा इतिहास. (ज्यांना नको त्यांनी खाली सरकावे.)

एम-१६ची, म्हणजे एआर-१५च्याच सैनिकी भावंडाची, आखणी ड्यू पाँटच्या दांडीच्या आकाराच्या बारुदीवर झाली होती, आयएमआर ४४७५. पुढे सैन्याने काडतुसांत ऑलिनची गोलकणी बारूद भरायला घेतली, डब्ल्यूसी ८४६. गोळीचा वेग तोच ठेवला, पण पोर्टपाशी दाब जास्त. भोक तेच, गॅस जास्त. गोळ्या सुटण्याचा दर मिनिटाला हजाराच्या घरात गेला, बोल्ट लवकर उघडू लागला आणि पुंगळ्या चेंबरमध्ये अडकू लागल्या. त्यात चेंबरला क्रोमचा मुलामा नाही, व्हिएतनामची दमट हवा आणि साफसफाईचं सामान पोरांना दिलेलंच नाही. १९६७ साली अमेरिकी संसदेच्या आयकॉर्ड उपसमितीने यावर चौकशी केली आणि बारूद बदलण्याच्या निर्णयावर कडक ताशेरे ओढले.

तेव्हाच्या इलाजांपैकी एक म्हणजे जड बफर, आत सरकणारी वजनं असलेला. आज दुकानात जो मिळतो त्याचा आजा. म्हणजे पितळीची रायफल जे दुखणं सांगतेय त्याच दुखण्यावर बफर जन्माला आला. म्हणून मी जड बफरच्या बाजूचा. सैन्याने सिद्ध केलंय.

यंत्रवेडा

तपशीलवार, इतिहास बरोबर, निष्कर्षावर अडतो. सैन्याला लाखो रायफलींची भोकं बदलायची नव्हती, म्हणून बफर बदलला. पितळीला एकच रायफल सांभाळायची आहे. नळ जोरात वाहतोय तर आधी नळ बारीक कर, बादल्या मोठ्या नंतर आण.

तपशीलवार

नळ बारीक करायचा तर गॅस ब्लॉक (पोर्टवर बसणारा, गॅस ट्यूबकडे वळवणारा तुकडा) काढावा लागतो. हँडगार्ड उतरवा, नळीच्या तोंडावरचा जोड उतरवा, नवा ब्लॉक भोकावर बरोब्बर बसवा. केसभर सरकला तर रायफल ठप्प. बफर दोन मिनिटांत बदलतो. नवख्याला आधी सोपं सांगावं.

यंत्रवेडा

हा मुद्दा मान्य.

जुना_हवालदार

पोरांनो, सप्रेसर मी आयुष्यात कधी वापरला नाही. पण तुमचं वाचून फौजेतली एसएलआर (सेल्फ लोडिंग रायफल) आठवली. ईशापूरची, ७.६२. आमच्या वेळी तीच होती, बेल्जियमच्या एफएएलची बहीण. तिला गॅस रेग्युलेटर होता, गॅस सिलिंडरभोवती फिरणारा, आकडे असलेला. उस्ताद शिकवायचे की आधी पूर्ण उघडा. उघडा म्हणजे गॅस बाहेर वाया. मग एकेक गोळी झाडत एकेक खाच बंद करत या. ज्या खाचेवर रायफल नीट चालायला लागली तिथून आणखी दोन खाचा बंद करा, आणि हात काढा.

त्या दोन खाचा कशासाठी असं मी विचारलं होतं. उस्ताद म्हणाले, एक चिखलासाठी आणि एक थंडीसाठी.

तुमच्या रायफलला असा रेग्युलेटर का नाही याचं मला नवल वाटतं. आम्ही जवान कमीत कमी गॅसवर चालवायचो, म्हणजे खांद्याला धक्का कमी आणि सामानही टिकतं.

पितळी

हवालदारकाका, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. हेच तर हवंय. मिळतो तो, ॲडजस्टेबल गॅस ब्लॉक म्हणतात, पण मूळ रायफलीत नसतो.

सर्व्हिसिंग_सांगली

काकांच्या प्रश्नाचं उत्तर: बाजारू रायफली बनवणारा पोर्ट मुद्दाम मोठा पाडतो. गिऱ्हाईक सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत मिळमिळीत काडतूस घालणार, आणि तरीही रायफल चालली पाहिजे, नाहीतर ती परत येणार. म्हणून सगळ्यांनाच जास्तीचा गॅस. उघड्या नळीला ते खपून जातं. सप्रेसर लावला की ऊतू जातं.

तुझी रायफल उघडीसुद्धा जरा जास्तच खात होती बहुतेक, फक्त बोलत नव्हती.

रानजाई

सप्रेसर लावून स्पर्धा खेळते, म्हणून माझं नेहमीचं वेळापत्रक सांगते. यंत्रवेडा यांचं तत्त्व बरोबर आहे, पण मैदानावर तत्त्वापेक्षा पुंगळी जास्त बोलते.

रायफलचं तोंड बारा वाजता धर. पुंगळ्या तीन ते चारच्या मध्ये पडल्या तर प्रकृती ठीक. एक-दोन वाजता, म्हणजे पुढे, गेल्या तर गॅस जास्त. पाच वाजता, मागे आणि मरगळून पडल्या तर कमी. पण याची पोथी करू नकोस. इजेक्टरची (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळीची) स्प्रिंग बदलली तरी दिशा बदलते, दुसऱ्या बनावटीच्या काडतुसाने बदलते. दिशा हा फक्त ताप मोजण्यासारखा प्रकार आहे, रोग वेगळा शोधावा लागतो. मी पुंगळीचं बूड जास्त बघते. कड ओरबाडलेली नाही, बुडावर इजेक्टरच्या भोकाचा चकाकता घासलेला ठसा नाही, म्हणजे बोल्ट घाई करत नाहीये.

ब्लॉक बसवलास की असं कर. सप्रेसर लाव. ब्लॉक बंद, किंवा जवळपास बंद. मॅगझिनमध्ये एकच काडतूस. झाड. बोल्ट मागे जाऊन रिकाम्या मॅगझिनवर थांबला नाही तर एक क्लिक उघड आणि पुन्हा एकच काडतूस. असं करत जा. जिथे थांबायला लागला तिथे सलग पाच वेळा थांबतो का बघ. खांदा घट्ट रोवून नाही, जरा सैल धरून. मग काकांच्या उस्तादांचं ऐक आणि दोन क्लिक वाढव.

मॅगझिन मात्र खात्रीचं घे. फॉलोअर (काडतुसं वर ढकलणारी पट्टी) अडकणारं मॅगझिन असेल तर बोल्ट कधीच थांबणार नाही आणि तू गॅस उघडत बसशील.

सगळ्यांत महत्त्वाचं: जे सगळ्यांत मऊ काडतूस तू कधी वापरणार आहेस त्याच्यावर लाव. .२२३ आणि ५.५६ दिसायला जुळी, पण .२२३ साधारण नरम भरलेलं असतं. कडक काडतुसावर लावलेली रायफल मऊ काडतुसाला हिवाळ्यात दगा देते. थंडीत बारूदही आळसावते.

कुंपणावरून

रानजाई, कडक स्प्रिंगचं काय? धागाकर्त्याला ती कुणीतरी सुचवली होती.

रानजाई

मला नाही आवडत. जड बफर जाताना हळू आणि येतानाही हळू. कडक स्प्रिंग जाताना अडवते खरी, पण येताना बोल्टला जास्त जोराने ढकलते. मॅगझिनला पुढचं काडतूस वर आणायला वेळ कमी मिळतो, आणि बोल्ट त्याच्या वरून निघून जातो. सप्रेसरच्या रायफलीत मॅगझिनची स्प्रिंग आधीच धापा टाकत असते.

आडवातिडवा

मी दोन वर्षं कडक स्प्रिंग वापरतोय, एकही तक्रार नाही. उगाच घाबरवू नका.

रानजाई

चालत असेल तर बदलू नका. ताजी मॅगझिनं असतील तर चालूनही जातं.

तपशीलवार

बफरच्या वजनांची नोंद करतो, लोक नावांत गोंधळतात. साधा कार्बाइन बफर ३ औंस. एच ३.८ च्या आसपास. एच२ ४.६. एच३ साडेपाचच्या जवळ. बाहेरून एकसारखेच, आतल्या पोलादी वजनांच्या जागी टंगस्टन येतो, एक, दोन किंवा तीनही. हलवून पाहिलात तर आत खुळखुळ ऐकू येते. ती वजनं मुद्दाम सैल असतात. बोल्ट पुढे येऊन आदळला की मागे उसळू नये म्हणून ती किंचित उशिरा येऊन टपली मारतात.

पितळी

अहवाल क्रमांक १.

मित्राकडून एच२ उसना आणला. सप्रेसर लावून ६० काडतुसं. पुंगळ्या एकवरून अडीचवर आल्या. ओरबाडलेली एकही नाही, पण कडा अजून थोड्या खरवडलेल्या दिसतात. अडकली एकही नाही. डोळ्यांची चुरचुर जवळपास तशीच.

सप्रेसर काढून २० झाडली, सगळी चालली.

म्हणजे तपशीलवार जिंकले का?

यंत्रवेडा

अर्धे. हळू केलंस, पण आत शिरणारा गॅस तेवढाच आहे. काजळी तेवढीच, तापणं तेवढंच. जमलं तर ब्लॉकही बसव, एच२ राहू दे.

एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून सांगतो. तोंडावरचा जोड काढून पुन्हा बसवणार असशील तर सप्रेसर लावल्यावर नळीतून सरळ दांडी घालून बघ, छिद्राच्या मधोमध येते का. तिरका बसलेला सप्रेसर म्हणजे गोळी आतल्या पडद्याला घासणार. तिथे प्रयोग नको. या ५.५६च्या नळ्यांना बहुतेक अर्धा इंच, २८ आट्यांचं थ्रेडिंग असतं. आटे स्वच्छ कर, टेकणारा खांदा स्वच्छ कर, मग बसव. आणि रायफल रिकामी आहे हे दोनदा बघ.

रानजाई

आणि डोळ्यांचं हसण्यावारी नेऊ नकोस. तो नुसता धूर नसतो. काडतुसाच्या टोपीत शिशाचं संयुग असतं, गोळीच्या बुडाचं शिसंही थोडं त्यात येतं. बंदिस्त रेंजवर तर फारच. आल्यावर हात-तोंड थंड पाण्याने धू, ते कपडे वेगळे ठेव, आणि नियमित झाडत असशील तर वर्षाकाठी रक्तातलं शिसं तपासून घे. मी घेते. घरात लहान मूल असेल तर बूट बाहेरच.

कुंपणावरून

धाग्यावरून जरा सुटतोय, पण नोंदणीचं वरती निघालं होतं म्हणून विचारतो. सप्रेसरवरचा तो दोनशे डॉलरचा सरकारी कर अजून आहे का?

तपशीलवार

१९३४च्या अमेरिकी कायद्याने लागला होता, तेव्हापासून २०२५ अखेरपर्यंत आकडा बदललाच नाही. तेव्हा दोनशे म्हणजे बंदुकीपेक्षा महाग. १ जानेवारी २०२६ पासून सप्रेसरवर शून्य झाला. अर्ज, बोटांचे ठसे, मंजुरी हे सगळं आहे तसंच. आणि न्यू जर्सीत बंदी आहे तशीच, त्यामुळे तुम्ही कुंपणावरच.

कुंपणावरून

जखमेवर मीठ. ;)

पितळी

अहवाल क्रमांक २. उशीर झाला, मधे ब्लॉकचा एक स्क्रू इतका घट्ट निघाला की दोन शनिवार त्यातच गेले.

ब्लॉक बसवला, एच२ तसाच. सप्रेसर लावून रानजाई यांच्या पद्धतीने एकेक काडतूस. पाचव्या क्लिकपर्यंत बोल्ट थांबेना, पुंगळी कशीबशी बाहेर. सहाव्याला थांबला, पण पाचातून चार वेळा. सातव्याला पाचही वेळा. दोन वाढवून नऊवर ठेवला. मग सलग ९० काडतुसं, दोन बनावटींची, त्यातली एक मऊ. पुंगळ्या साडेतीन वाजता, ढीग पुन्हा एका जागी. बुडं स्वच्छ. खांद्याला धक्का इतका मऊ की पहिल्या मॅगझिनला वाटलं काहीतरी चुकलंय.

सप्रेसर काढला तर नऊवर बोल्ट थांबत नाही. उघड्या नळीला बारा लागतात. म्हणजे दोन आकडे. हँडगार्डच्या आत टेपच्या तुकड्यावर लिहून ठेवले.

चुरचुर कमी झाली, गेली नाही. यंत्रवेडांनी आधीच बजावलं होतं, त्यामुळे शिव्या नाहीत.

यंत्रवेडा

बोल्ट उशिरा उघडतोय, तेवढाच दाब उतरायला वेळ मिळतोय. उरलेलं नळीतून येतंय. त्याला गॅस पुढे वाहून जाऊ देणाऱ्या रचनेचा सप्रेसर लागतो, म्हणजे पुन्हा अर्ज आणि पुन्हा वाट बघणं. तूर्त चार्जिंग हँडलची फट बुजवणारं हँडल मिळतं, त्याने डोळ्यांपुरता फरक पडेल.

ब्लॉकचा स्क्रू मात्र दर दोनशे-तीनशे काडतुसांनी थोडा मागेपुढे फिरवून परत जागेवर आण. काजळीने जाम झाला तर तू नऊवर कायमचा.

जुना_हवालदार

नऊ आणि बारा लिहून ठेवलंस ते बरं केलंस. आमच्याकडे एकाने आकडा लक्षात ठेवला होता आणि रायफल दुसऱ्याची उचलली होती.